आठात दोन कमी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय चिमाजीआप्पा, मुख्याध्यापिका संजना मॅडम, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या मराठीच्या शिक्षिका श्रीमती रोहिणी पगारे मॅडम, माझे शिक्षक बंधुभगिनी, ओझरच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आलेले पालक आणि कधीपासून चुळबुळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना नमस्कार.

गणिताच्या माणसाला मराठीच्या बाईंवर बोलायला का उभं केलं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यात सोमवारपासून त्यांचा कवितेचा तास मीच घ्यायचा, असा आदेश आहे. जागा भरेपर्यंत कुणीतरी हवं, इथपर्यंत समजलं. पण मीच का? संजना मॅडम म्हणाल्या, "पगारे मॅडमनीच तुमचं नाव सुचवलं." तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय.

हा तास कसा चालतो, ते पालकांसाठी सांगतो. कवितेच्या ओळीत अक्षरं आठच. मुलं ओळ म्हणतात आणि प्रत्येक अक्षराला बाकावर एक थाप देतात. जोडाक्षर असलं तरी थाप एकच. नऊ पडल्या, वही परत. सात पडल्या, तरी परत. काय घालायचं, काय काढायचं, ते बाई सांगत नाहीत. समासात लाल शाईने आकडा लिहितात आणि पुढची वही घेतात.

आजसाठी मीही चार ओळी रचायला गेलो. हसू नका, आप्पा. पहिली ओळ सातवीतल्या वैष्णवीला दाखवली. तिने ती माझ्याच टेबलावर वाजवली.

"सर, नऊ झाले. एक काढा."

"कोणतं काढू?"

"ते तुमचं तुम्ही बघा ना सर. बाई आम्हाला बी सांगत नाय."

चार दिवस झाले. एक काढलं की अर्थ जातो, अर्थ ठेवला की पुन्हा नऊ. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय आणि नवातून एक वजा होईना! शेवटी तो कागद घरीच ठेवून आलो.

पण खरं बोलायचं ते वेगळंच आहे, आणि मघापासून मी ते टाळतोय.

सहा वर्षांपूर्वी माझा वर्ग त्यांच्या शेजारी होता. मध्ये नुसतं प्लायवुडचं पार्टिशन. मी अपूर्णांक शिकवायचो आणि पलीकडून आठ थापा, पुन्हा आठ थापा. माझी मुलं फळा सोडून तिकडे कान लावायची. मला राग यायचा. की हेवा वाटायचा? तेही आज नीट सांगता येत नाही. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना मी पानभर अर्ज लिहिला, काव्याच्या नावाखाली गोंगाट चालतो म्हणून. खाली "आपला विश्वासू" लिहिलं आणि सही केली नाही. हिंमत झाली नाही.

त्या अर्जावरून बाईंचा तास सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गेला. दोन पावसाळे तिथेच. वर पत्रा वाजायला लागला की खाली मुलांची मोजणी चुकायची. स्टाफरूममध्ये मीच साळसूदपणे विचारलं, "मॅडम, त्रास होत असेल ना?" त्या म्हणाल्या, "आम्ही इगतपुरीचे, सर. पावसाचं आम्हाला काय नवल? चहा घ्या." आणि मी तो चहा घेतला.

परवा त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. वरच्याच कप्प्यात, वह्यांच्या गठ्ठ्यावर, माझा अर्ज! खुलासा मागायला मुख्याध्यापकांनी तो त्यांच्याकडेच दिला असणार, आपल्याकडे रीतच आहे. शाळेचं वेळापत्रक दरवर्षी मी हाताने लिहितो, माझं वळण कोण ओळखणार नाही? समासात प्रत्येक ओळीपुढे लाल आकडा. सव्वीस. एकोणतीस. चोवीस. आणि शेवटी, "आपला विश्वासू" याच्यापुढे: "सहा. दोन कमी."

मॅडम, ही थट्टा आहे, शिक्षा आहे, की गृहपाठ? सगळं माहीत असून सहा वर्षं तुम्ही डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवत राहिलात, आणि आता तोच तास माझ्या हवाली करताय. याचा अर्थ मी काय लावायचा? तुम्ही आत्ताही नुसत्या हसताय. सांगणार नाही, ठाऊक आहे मला. पण मला फार लाज वाटते, एवढं मात्र नक्की.

आप्पांनी बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी आभारी आहे. भाषणाच्या शेवटी कमीजास्त बोललो असेन तर सांभाळून घ्या, असं म्हणायचा रिवाज आहे. माझी मोजून दोन अक्षरं कमी पडली आहेत. ती काल फळा पुसताना सापडली. मुलांनो, हात बाकावर ठेवा आणि बाईंना ऐकू जाईल असं मोजा. सहीही आज करून टाकतो.

क्षमा, आपला विश्वासू,
रविराज खैरनार.