गोंद सुकेपर्यंत

अरे, आमच्या मुलुंडच्या घरात एकदा सासू-सुनेचं वाजलं आणि आई बॅग भरून ताईकडे बोरिवलीला निघाली. बायको तेव्हा बिनपॉलिशची लाकडी स्टुलं जोडत बसली होती. ती म्हणाली, "आई, जायचं तर जा, पण आधी या स्टुलावर जरा बसा. गोंद सुकेपर्यंत वजन हवंय."

आई मांडीवर बॅग घेऊन रागातच बसली. बायको समोर दुसरं स्टूल पॉलिश पेपरने घासत राहिली. हळूहळू दोघी बोलायला लागल्या, मग चक्क हसायला.

"गोंद सुकलो काय गो?" आईने तिच्या मालवणीत विचारलं.

"नाही हो आई, ओलाच आहे."

मी वाकून हात लावला. "कधीच सुकलाय की हा!"

आई माझ्यावरच उखडली, "गप रव! तुका काय कळता गोंदातला?"