सिस्टर सिग्ने यांचा दाखला

सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड सहादेव पाटोळे, व्यासपीठावरचे पाहुणे आपले सरपंच रंगनाथराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सिस्टर सिग्ने, आणि मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

सिस्टर, एक दुपार आठवते का तुम्हाला? सेहेचाळीस साल असावं. मी शाळेत नवी. तुम्ही दवाखान्यातून मुलींच्या हातापायांवर महारोगाचे चट्टे तपासायला आला होतात आणि मी एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला लिहीत होते. तुम्ही डोकावून विचारलंत, वर्तणूक चांगली असं सगळ्यांनाच लिहिता का? मी म्हटलं, सगळ्यांनाच. तुम्ही हसलात. मग चहा पिताना सांगितलंत, की तुमच्या स्वीडनमध्ये असा दाखला चर्च देतं.

सभाजनहो, त्या देशात मूल जन्मलं की त्याचं नाव चर्चच्या पाळकांच्या वहीत चढतं. पूर्वी पाळक वर्षातून एकदा घरोघर जात, गड्यामोलकरणींनाही समोर बसवून वाचायला लावत, धर्माचे प्रश्न विचारत. माणूस दुसऱ्या गावी निघाला की दाखला: वाचता येतं का, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला येतो का, वागणूक कशी. सिस्टरांच्या वेळी ही चाल मागे पडली होती. पण त्यांच्या गावचे पाळक जुन्या वळणाचे. एकोणचाळीस साली त्यांनी सिस्टरांना हाताने लिहिलेला दाखला दिला. तो आपल्या मंडळीच्या कपाटात आहे.

आणि त्याच देशात लोक म्हणे बारसं, लग्न, मयत आणि नाताळची पहाट एवढ्यालाच चर्चला जातात. बाकी वर्षभर बाकं रिकामी. मी विचारलं, मग ते ख्रिस्ती कसले? सिस्टर म्हणाल्या, नाव वहीत आहे, आणि ते त्यांनी कमावलेलं नाही, त्यांना दिलेलं आहे. लूथरन पंथाच्या माणसाचं हे बोलणं मला जड गेलं. मी शिकले त्या कॅथलिक कॉन्व्हेंटात नन्स सांगत, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मी पुष्कळदा आणलंही आहे.

आता थोडं अवघड बोलते. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे.

सिस्टरांचं जायचं ठरलं तेव्हा त्यांनी पंच कमिटीकडे एकच गोष्ट मागितली. जुन्या पद्धतीचा दाखला. मी मंडळीची चिटणीस, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि प्रभुभोजनाच्या रकान्यापाशी अडलं. गेल्या वर्षी दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर आपल्या मंडळीतल्या चांगुणाची मुलगी सिस्टरांच्या मांडीवर वारली. तेव्हापासून चौदा महिने त्या प्रभुभोजनाला आल्या नव्हत्या. बाकावर बसत, गाणी म्हणत, आणि पुढे यायची वेळ झाली की बसून राहत.

पंचांनी प्रेमापोटी ठरवलं, "नियमित" असं लिहावं. तिकडे कोण बघायला येतंय? सिस्टरांनी नकार दिला. खोटा कागद घेऊन जाण्यापेक्षा कागदाशिवाय जाईन, म्हणाल्या. मी मुख्याध्यापिका आहे. दाखल्याशिवाय गेलेल्या मुलाचं नाव आम्ही कसं कमी करतो, मला ठाऊक आहे. पळून गेल्यासारखं. चौतीस वर्षं आपल्या जखमा धुतलेलं माणूस असं जाणार होतं.

मी दवाखान्यात गेले. झुंबरबाई पट्ट्या गुंडाळत बसली होती. महारोगातून बरी होऊन ती तिथंच कामाला राहिली, आपण सगळे तिला ओळखतो. मी सिस्टरांना विचारलं, देवावर राग आहे का?

"राग असता तर बरं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "काहीच होत नाही. हात पुढे केला तर तो माझा वाटत नाही."

झुंबरबाई मान वर न करता म्हणाली, "माज्या हाताला ईस वर्सं झाली काय कळत न्हाई. भाकर धरली का न्हाई ते बगून घेते. तुमीच शिकवलं न्हवं? कळत न्हाई म्हनून जेवान सोडलं अस्तं, तर तुमीच वरडला अस्ता माज्यावर."

सिस्टरांनी तिच्या हातातली पट्टी चाचपून पाहिली. मग झुंबरबाईला म्हणाल्या, पट्टी सैल गुंडाळली आहेस, पुन्हा कर.

मागच्या रविवारी त्या पुढे आल्या. तळहाताकडे बघत उभ्या होत्या, भाकर हातात पडेपर्यंत. बाहेर आल्यावर मी विचारलं, काही वाटलं का? म्हणाल्या, नाही. पण घेतली.

तेव्हा दाखला मी असा लिहिला आहे: सिस्टर सिग्ने, वय सहासष्ट. मराठी वाचतात, लिहितात. प्रभुभोजनाला नेमाने येत, नंतर चौदा महिने आल्या नाहीत, मग आल्या. वर्तणूक चांगली. रेव्हरंडांनी "चौदा महिने" या शब्दांवर पेन थांबवलं होतं, पण सही केली. साक्षीदार म्हणून झुंबरबाईचा अंगठा आहे.

मला आज वाईट वाटायला हवं. अजून वाटलेलं नाही. सोमवारी गाडी गेल्यावर वाटेल, किंवा वाटणार नाही.

मांडवासाठी सरपंचांचे, चहासाठी रंगुबाई आणि साळूबाईंचे आभार. बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर ती चूक माझ्या वयाच्या पदरात घाला.

आता वाटपाचं. सिस्टरांची सायकल कंपाउंडर गोरक्षनाथांनी न्यावी. मागचं चाक बदलायला झालं आहे. कॉफीची किटली मंडळीत राहील. रबरी तळाच्या चपलांचे चार जोड बधिर पायांच्या चार पेशंटांचे आहेत, नावं आत लिहिली आहेत. दुसऱ्या कोणी मापाला लावून बघू नयेत. लोकरीची शाल चांगुणाला. ती नको म्हणाली तर तिच्या घरी ठेवून यावी.

दाखल्याच्या तीन प्रती आहेत. एक मंडळीच्या वहीत लागेल. एक झुंबरबाईने मागितली आहे, तिला द्यावी. मूळ प्रत सिस्टरांनी त्यांच्या गावच्या पाळकांना द्यावी. हल्लीचे पाळक तरुण आहेत, हा कसला कागद म्हणून विचारतील. मागितला नाही तरी टेबलावर ठेवून यावा.