सोवळ्यातलं मीठ

बायको : आता कशाला हात लागला?

नवरा : फोनला.

बायको : म्हणजे पुन्हा आंघोळ.

नवरा : अगं, वाजत होता. तिसऱ्या आंघोळीला माणूस शुद्ध होत नाही, पातळ होतो.

(बायको आतल्या खोलीत पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. नवरा स्वयंपाकघरात, ओला पंचा गुंडाळून. मधलं दार सताड उघडं.)

बायको : कुणाचा होता?

नवरा : लेकीचा. आईला गोळी दिलीत का, म्हणून. म्हटलं, गोळी जेवणानंतर, जेवण नैवेद्यानंतर, नैवेद्य आंघोळीनंतर. म्हणाली, बाबा, रांग फार मोठी आहे.

बायको : तिला काय जातंय बोलायला!

नवरा : दुखतंय ना फार?

बायको : दुखू दे. आजवर देवाआधी घास घेतला नाही. पाय मोडला म्हणून नेम मोडू? जा, दोन तांबे घ्या अंगावर. खीर झाली ना?

नवरा : झाली. चांगली झालीय.

बायको : चांगली झालीय हे तुम्हाला कसं कळलं?

नवरा : वासावरून.

बायको : तुम्हाला? गॅस उघडा राहिला तरी तुम्हाला वास येत नाही. अहो, चाखलीत?

नवरा : चमचाभर.

बायको : देवाआधी?

नवरा : देव काही बोलत नाही, म्हणून तर चाखावी लागली.

बायको : उष्टी केलीत! आता दुसरी करा.

नवरा : दूध संपलं. दुकान संध्याकाळी उघडेल. माझे गुडघे त्याआधीच बंद होतील.

बायको : मग राहू दे. मी पाणी पिऊन पडते.

नवरा : गोळी?

बायको : ती पण राहू दे.

नवरा : ऐक जरा. आज साखरेचा म्हणून डबा उघडला, बोटाला लागलेलं चाटलं, तर मीठ. काल त्याच डब्यातून मी खिरीत मूठभर घातलं होतं. काल खीर खारट होती ना?

बायको : कालचं काल झालं.

नवरा : अगं, विचारतोय.

बायको : होती थोडी.

नवरा : थोडी?

बायको : समुद्र होता.

नवरा : आणि तू मला चमचाभरही न ठेवता वाटी पुसून खाल्लीस!

बायको : प्रसादाला नावं ठेवू नयेत.

नवरा : म्हणजे तुझ्या देवाला खारट चालतं, गोड चालत नाही.

बायको : खारट होती, पण सोवळ्यातली होती.

नवरा : वा. धन्य तो देव आणि धन्य ते मीठ.

बायको : थट्टा करू नका. मला बोलायचं त्राण नाही.

नवरा : मला तरी कुठे आहे? काल तू भिंतीकडे तोंड करून खात होतीस. मला वाटलं, पाय ठणकतोय म्हणून रडतेयस. आज डबा बघितला आणि कळलं. तुझ्या देवाची नि माझी ओळख बेताचीच, त्याच्यासाठी नाही चाखली मी.

बायको : रडत नव्हते. घोट घोट गिळत होते.

नवरा : पाणी मागायचंस की.

बायको : मागितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. जन्मात पहिल्यांदा काही शिजवलं होतंत.

नवरा : …टाकू मग ही?

बायको : लेकीचं दूध मी चाखूनच द्यायचे. तेव्हा कुणी उष्टं म्हटलं नाही.

नवरा : म्हणजे?

बायको : म्हणजे ठेवा देवापुढे.

नवरा : आणि आंघोळ?

बायको : फोन लेकीचाच होता ना? मग असू दे.

नवरा : ठेवली. पाणी फिरवलं. आलो.

बायको : लगेच काय येताय? जेवू द्या त्याला.

नवरा : …झालं असेल?

बायको : आणा.

नवरा : घे. हळू, गरम आहे. कशी झालीय?

बायको : प्रसादाला—

नवरा : नावं ठेवू नयेत. बरं बाई, नाही विचारत.

बायको : तळाला लागलीय जरा.

नवरा : लागलीय?

बायको : हं. अजून एक चमचा द्या.