पेवातली बाटली

च्या घ्या आधी, मग सांगतो. आमच्या बसप्पामामाच्या घरात समद्यांच्या गळ्यात लिंग, पक्के लिंगायत. दारूचं नाव काढलं तरी मामी डोक्यावरनं पाणी घ्यायची.

पोलीस ॲक्शननंतर मामाचे दोस्त खानसाहेब हुमनाबाद सोडून हैद्राबादला निघाले. जाताना त्यांनी फ्रान्सची लाल दारू उघडून मामाला चाखवली. कच्चं जांभूळ चावल्यावानी मामाचं तोंड आवळलं. खानसाहेबांनी डोळे मिटून घोट घोळवला आन् म्हणाले, "मियाँ, अभी कच्ची है. अंधेरे में बारा साल सुलाओ, फिर देखो." तसलीच एक बंद बाटली त्यांनी मामाच्या हातात ठिवली.

मामानं ती गुपचूप अंगणाखालच्या पेवात, ज्वारीत पुरली.

म्होरल्याच पावसाळ्याच्या तोंडी मामीनं पेव उघडायला लावलं. मामाच आत उतरला. गरमीनं बूच उडालेलं, भवतालची ज्वारी लाल! त्यानं रिकामी बाटली धोतरात लपवली. मामीला वाटलं, दाण्याला रोग पडला. चव बघावी म्हणून तिनं त्याच ज्वारीची एक भाकर थापली, तुकडा तोंडात टाकला.

"अय्यो शिवा! एवढी तुरट कामून लागायलीय?"

मामानंबी तुकडा घेतला, डोळे मिटून घोळवला.

"कवळी हाय गं अजून," तो म्हणाला, "बारा वर्सं ठिवाय पायजे व्हती."