कंपनीच्या बंगल्याचे कवेलू

माहेर मायं नेरचं. लगन होऊन आली ते मारेगावाजवळच्या या कंपनीच्या बंगल्यावर, मांगच्या कोठीत. सासरा चौकीदार होता, त्याच्या मांगून माया मानूस. बंगला इंग्रजाच्या राणीच्या राज्यातला, कापूस घेनाऱ्या गोऱ्या सायबानं बांधला म्हनत. काय सांगू तुमाले गुरुजी, चारी आंगानं वरांडा, खिडक्याईले लाल-निळ्या काचा, आढे सारे सागाचे, अन बैठकीच्या भितीत चूल! वरतं धुराडं बी. आपल्या इकडच्या तपनात शेकाले चूल, मी तं पदर तोंडाले लावून हासलीच.

तं सायब गेले, कंपनी राह्यली दूर शहरात. ज्या साली आमी बुद्धाची दीक्षा घेतली त्याच साली सासरा गेला. जाता जाता एकच म्हने, पोरी, पान्याअगोदर छपरावरचे कवेलू फेरत जा, वरून पानी आलं का साग बी सडते. कंपनीले दरसाल सांगू, कवेलू फेरनारे धाडा, कोनी धाडे ना. मंग आमीच फेरू. हा माया मानूस वर चढे, मी खालून देऊ, माकडाईनं फोडलेले काढू, नवे बसवू. लोक म्हनत, बंगला का तुमच्या बापाचा हाय? नसन बापाचा, पन जीव लागते ना.

एक साली कंपनीचा सायब आला. सारं फिरून पाह्यलं, कुठी ओल नाई, कुठी डाग नाई. म्हने, बंगला तं ठनठनीत हाय, कायले खर्च कराचा? अजी, तो आमच्या हातानं ठनठनीत हाय, आपोआप नाई, असं म्हनतच होती मी, तं तो मोटारीत बसला बी.

मंग याचे गुडघे गेले, वर चढनं सरलं. दोन-तीन पावसाळ्यात आढे काळे पडले, काचा गळल्या, चुलीत वटवाघळं राहाले आले. तोच सायब पुन्हा आला, म्हने हे दुरुस्तीच्या पलीकडं गेलं, पाडा. मले असा राग आला गुरुजी, असा राग आला, का रडूच आलं.

आता पाडून राह्यले. कवेलू विकाचे हायत म्हने, फुटले नाई पाह्यजे, तं उतरवाच्या कामाले मलेच लावलं. मजूर वरून देतेत, मी थप्पी लावतो. हा खाटेवर बसून वर पाहून राह्यला, हळू बापा, हळू, म्हनते. कोठी बी खाली कराची हाय, जाचं कुठी ते काई ठरलं नाई. हे कवेलू कोनाच्या का घरावर जाईनात, त्याचं घर कोरडं राहो. आमी अजून काय म्हनाव?