अब्दीचा अठरा मे

भावांनो, बहिणींनो, अस्सलामु अलैकुम.

कामावरून थेट आलात. काही जण रास अल खोरहून ट्रॅफिक झेलत आलात. सुरू करायला उशीर झाला, माफ करा. मला बसूनच बोलू द्या. पाय थकलेत, आणि खरं सांगू का, जीभही थकली आहे. ज्याच्यासोबत इथे आखातात, देराच्या एका खोलीत जवानी काढली, त्याला काल मातीत ठेवून आलोय. आज काय बोलू?

उशीर का झाला ते सांगतो. मागे बॅनर होता. अब्दीचा फोटो आणि बाजूला निळा झेंडा, पांढरा तारा. आपल्या पोरांनी प्रेमानं मोबाईलवर शोधून छापला. मी म्हटलं, खलास, उतरवा तो. पोरं म्हणाली, "चाचा, सोमालियाचाच आहे ना?" अरे बाबांनो, तेच तर दुखणं! अब्दी सोमालीलँडचा. ज्या देशापासून ही माणसं वेगळी झाली, त्याचाच झेंडा तुम्ही त्याच्या उशाशी लावलात.

पोरांवर रागावून काय करू? सगळी दुनिया हीच चूक करते. यांचं सरकार आहे, नोटा आहेत, मतदान आहे. पण देश विचाराल तर जग म्हणतं, असा देशच नाही.

अब्दी देराच्या धक्क्यावर त्याच्या मुलखातल्या बर्बेरा बंदराला जाणाऱ्या गलबतांवर माल भरायचा. माझा तांदूळ, माझा मसाला त्याच्याच हातून गेला. आणि दर अठरा मेला, इस्त्रीचा शर्ट घालून, हलव्याचा डबा घेऊन दुकानोदुकानी फिरायचा. लोक हलवा तोंडात टाकायचे आणि विचारायचे, "किस खुशी में?"

"हमारा आझादी का दिन."

"कौनसा देश?"

झालं! मग नकाशा, इंग्रज, लढाई, सगळं पहिल्यापासून. ऐकणारा अर्ध्यातच फोन कानाला लावायचा. मी एकदा वैतागलो. म्हटलं, "अब्दी, कशाला घसा कोरडा करतोस? हलवा दे, यल्ला, पुढे चल." तो म्हणाला, "गफूर, तेरा पंद्रह अगस्त कभी किसी को समझाना पडा?"

नाही पडलं.

आत्ता कुठे एका देशानं मान्यता दिली. कोणत्या, ते तुम्हाला ठाऊक आहे; ज्याच्या बॉम्बफेकीला आपण रोज शिव्या देतो, तोच. मी धावत गेलो, मुबारक म्हटलं. अब्दी म्हणाला, "एकच? और वो भी ये?" हसला, मग डोळे पुसले. म्हणाला, "मुबारक बोल भाई, लेकिन धीरे बोल."

थकला होता माणूस. गेल्या वर्षी डबा रिकामा करून माझ्या दुकानात बसला आणि म्हणाला, "बस, एक साल कोई सामने से आके बोल दे. मेरे बताने से पहले." एवढंच. राजदूत नको, सलामी नको. एवढंच मागितलं त्यानं. आणि उद्या अठरा मे आहे, आणि अब्दी नाही.

त्याची मुलगी होदान समोर बसली आहे. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते, इथेच वाढली. काल दफन करून तिच्या घरी गेलो, तर तिनं विचारलं, "अंकल, द एटीन्थ इज कमिंग. डू वी स्टिल कीप इट?" गमीच्या घरात, दुखवट्यात, गोड कसं करणार? तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजारी पाठवतात. आपल्या रत्नागिरीकडची हीच रीत, आणि त्यांच्याकडेही असंच.

सकाळपासून हेच डोक्यात आहे. चूल तिची बंद आहे. आपल्या तर चालू आहेत ना? उद्या माझी बायको हलवा करणार. तिला बर्बेराचा येत नाही, आपल्याकडचा येतो तसा करेल. कुणी म्हणेल, गफूरला अक्कल आहे का, गमीत गोड पाठवतो! म्हणू द्या. या वयात मी कुणाकुणाला समजावू?

ज्यांना जमेल त्यांनी उद्या तिच्या दारी जा. आधी सलाम करा. दुःखाचे दोन शब्द बोला. आणि तिनं काही सांगायच्या आत, तुम्ही आधी बोला. तिला समजवायला लावू नका, एवढी मेहेरबानी करा.

आता उठा. आपण फातिहा पढू. ज्यांचा धर्म वेगळा, त्यांनी मिनिटभर शांत उभं राहावं.

थांबा. उद्याचा भरवसा कुणी दिलाय? होदान, बेटा, सोमालीलँडचा आझादीचा दिवस मुबारक. तुझ्या अब्बांना हे कुणी आपणहून म्हटलं नाही. तू तरी ऐक.