खिंडीतली शेवटची सोंगटी

डोळ्यांत औषध घातल्यामुळे शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी एक पुतणी आणि डोळे तपासायला आलेले तिचे काका बोलत होते.

“काका, दोन शेजारी देशांत युद्ध पेटलं तर काय होईल, यावर मी हा पटावरचा खेळ बनवला. आजवर चाळीस डाव झाले, पण काल तुम्ही खेळलात तसं कोणी खेळलं नाही.”

“अगं, मी तर हरलो.”

“नियमाने हरलात. शहर सोडलंत, पूल सोडलात. पण तुमची एकही सोंगटी मेली नाही.”

“एका सोंगटीत सहाशे माणसं, असं तूच सांगितलंस ना?”

“सांगते मी सगळ्यांना. मनावर कोण घेतं?”

“हं.”

“आणि खिंडीतली ती शेवटची सोंगटी माझ्या तावडीतच होती. तुम्ही सुखरूप बाहेर पडलेले ट्रक उलटे फिरवलेत आणि तिलाही काढलंत. हे सैन्यात शिकवतात का?”

“शिकवत नाहीत. तुझ्या जन्माआधी अशाच एका खिंडीत आमची तुकडी शेवटची राहिली होती. बाकी सगळे निघून गेले होते. आम्ही आशा सोडून बसलो होतो. भर दुपारी रस्त्यावर धूळ दिसली. आमचेच ट्रक परत येत होते.”

“कोणी पाठवले होते?”

“खूप जणांना विचारलं गं. आजवर कळलं नाही.”

“अकरा नंबर,” नर्सने आतून हाक दिली.

अकरा नंबर शिंपीणबाईंचा होता.

“आधी ह्या शेजारच्या काकांना घ्या,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या.